फुकटाला शिव्या घालून हेर निघत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक वाद अधूनमधून उसळतो आणि दर वेळी तो तितक्याच वाईट पद्धतीनं घातला जातो. कुणाच्या ब्राउझरचं पहिलं पान परस्पर बदललेलं असतं, कुणाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर न मागितलेल्या जाहिराती ठाण मांडून बसलेल्या असतात, कुणाच्या फोनवरून ओटीपी भलत्याच ठिकाणी गेलेला असतो. मग एक बाजू म्हणते, फुकटचं घ्यायची खोड आहे ना, आता भोगा. दुसरी म्हणते, आमच्याकडं चोरण्यासारखं आहे काय, नेतात तर नेऊ देत. दोघांना कंटाळलेला एखादा शहाणा सांगतो, फॉरमॅट मार की आणि हो मोकळा. मला तिघांचंही बोट चुकीच्या जागी पडलेलं दिसतं. फुकट सॉफ्टवेअरच्या पाठोपाठ जो हेर, म्हणजे माहिती चोरणारं किंवा जाहिराती लादणारं सॉफ्टवेअर, आत येतो, त्याला वापरणाऱ्यानं बोलावलेलं नसतं आणि पुष्कळदा मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानंही पाठवलेलं नसतं. त्याला आत घेतो तो मधला: डाउनलोडची साइट चालवणारा, इन्स्टॉलर बांधणारा, मशीन 'रेडी करून' देणारा. त्या मधल्याला कुणी जाब विचारत नाही, तोवर वापरणाऱ्याला कितीही शहाणपण शिकवलं तरी मशीन पुन्हा पुन्हा घाण होत राहणार.

सीमाभागातला माणूस इतकं डाउनलोड का करतो, हे 'खोड' म्हणणारे कधी पाहत नाहीत. इथल्या एका घराला दोन राज्यांची कागदपत्रं सांभाळावी लागतात. इकडं कर्नाटकात जातीचा-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, जमिनीचा उतारा 'भूमी'वरून, योजनांचे अर्ज सेवासिंधूवरून. पण मुलीला महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला पाठवायचं तर सीमाभागाच्या तरतुदीतून अर्ज तिकडच्या सीईटीच्या पोर्टलवर, चंदगडकडं वडिलोपार्जित शेत असेल तर सातबारा महाभूलेखवर, आणि महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या ८६५ गावांना २०२३ मध्ये महाराष्ट्रानं जी आरोग्य योजना लागू केली तिचे कागद आणखी वेगळे. प्रत्येक पोर्टलची फर्माईश निराळी. फोटो इतक्या केबीत बसवा, सही तितक्या केबीत, दाखल्याची पीडीएफ करा, चार पीडीएफ जोडून एक करा. डीटीपीवाल्याचे हाल तर याहून वाईट. जुना मराठी मजकूर श्रीलिपीत, कन्नड मजकूर नुडीत किंवा बरहमध्ये, या सगळ्या जुन्या टायपिंगच्या पद्धती, आणि पोर्टलला हवा युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणारा मजकूर. मग कन्व्हर्टर शोधत बसा. ज्या खात्यानं फोटो लहान करायला सांगितला, त्यानं फोटो लहान करायचं साधन काही दिलेलं नसतं. मुदत रात्री बारापर्यंत आणि सर्व्हर जेमतेम अकराला शुद्धीवर आलेला. अशा वेळी शोधाच्या यादीत जे पहिलं दिसेल त्यावर माणूस क्लिक करतो, आणि पहिलं दिसणारं पुष्कळदा जाहिरातीचे पैसे मोजून पहिलं आलेलं असतं. याला हाव म्हणायचं की नड?

नडीचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण जावाचं, म्हणजे इतर प्रोग्रॅम चालायला मशीनवर आधी बसवावं लागणारं ओरॅकल कंपनीचं सॉफ्टवेअर. एक काळ असा होता की आयकराचं विवरणपत्र भरायची युटिलिटी जावावर चालायची, ई-टेंडरला डिजिटल सही करायची तरी मशीनवर जावा लागायचं. म्हणजे बेळगावातल्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यानं किंवा टिळकवाडीतल्या कर सल्लागारानं ते उतरवलं ते सरकारी कामासाठी, तेही ओरॅकलच्या अधिकृत साइटवरून. त्या इन्स्टॉलरमध्ये आस्क टूलबारच्या, म्हणजे ब्राउझरच्या माथ्यावर बसणाऱ्या शोधपट्टीच्या, चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली असे. २०१३ च्या सुरुवातीला अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: जावा बसल्यानंतर हा टूलबार लगेच बसत नसे, दहा मिनिटं दबा धरून मग बसे. म्हणजे काही खटकलं म्हणून कुणी लगेच यादी उघडून पाहिलीच, तर तिथं काही सापडू नये. इथं वापरणाऱ्याचा कोणता लोभ होता, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

हा धंदा चालतो कसा, हे कळलं की रागाची दिशा बदलते. प्रत्येक मशीनवर एकेक वस्तू बसवण्याचे पैसे मिळतात. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या बाजाराचा अभ्यास मांडला, त्यात एका इन्स्टॉलचा भाव दहा सेंटपासून दीड डॉलरपर्यंत निघाला. असल्या सॉफ्टवेअरबद्दल गूगलची सुरक्षा यंत्रणा तेव्हा आठवड्याला सहा कोटींहून जास्त इशारे दाखवत होती. हा पैसा मूळ लेखकाच्या खिशात जातो असं समजू नका. नेटवर्क तपासायचं एनमॅप हे साधन गॉर्डन लायन यांनी फुकट दिलेलं. डिसेंबर २०११ मध्ये त्यांनीच जाहीर तक्रार केली की डाउनलोड डॉट कॉम ही साइट आपलं सॉफ्टवेअर स्वतःच्या वेष्टनात गुंडाळून त्याबरोबर टूलबार वाटतंय. चित्रांचं काम करणारं गिंप २०१३ मध्ये सोर्सफोर्ज ही सॉफ्टवेअर वाटणारी साइट सोडून गेलं, तेही तिथल्या फसव्या डाउनलोड-बटणांच्या आणि जोडवस्तूंच्या इन्स्टॉलरच्या कारणानं. २०१५ मध्ये तर सोर्सफोर्जनं गिंपचं जुनं खातं ताब्यात घेऊन त्या नावावर जाहिरातींचा इन्स्टॉलर वाटला. पुढं मालक बदलले आणि २०१६ मध्ये नव्यांनी तो उद्योग बंद केला. म्हणजे मधल्यानं ठरवलं तर हे थांबतं, तेही काही आठवड्यांत. वापरणारे तेच होते, त्यांची 'खोड' तीच होती.

आता समोरच्यांचं खरं ते मान्य करू. फुकटाचा खर्च कुणीतरी भरतोच, हे अगदी बरोबर आहे. सगळे लेखक निष्पाप नसतात हेही खरं. फायली वाटून घ्यायच्या काझा या फुकट साधनाच्या मालकांनी सायडोरसारखी जाहिरातबाजी स्वतःच्या हातानं जोडली होती आणि कोट्यवधी लोकांनी ती उतरवली. पण यावरून 'पैसे टाका, सुरक्षित राहा' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी तीन गोष्टींचं उत्तर द्यावं. २००५ मध्ये सोनी बीएमजीनं विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडीतून लोकांच्या मशीनमध्ये लपून राहणारं रूटकिट सोडलं, ते विंडोजचे जाणकार मार्क रसिनोविच यांनी उघडकीला आणलं. २०१५ मध्ये लेनोवोच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर सापडलं. बँकेच्या कुलूपबंद जोडणीतसुद्धा ते मध्ये शिरू शकत होतं, आणि गिऱ्हाइकानं तर हजारो रुपये मोजले होते. तिसरं उदाहरण राखणदाराचंच. अवास्ट या अँटिव्हायरसनं आपल्या गिऱ्हाइकांचा ब्राउझिंगचा इतिहास जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकला, २०२० मध्ये ते बाहेर आलं आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं कंपनीला एक कोटी पासष्ट लाख डॉलर भरायला लावले. उलट व्हीएलसी, सेव्हन-झिप, लिब्रेऑफिस ही पूर्ण फुकट साधनं मूळ साइटवरून घेतली तर त्यांच्याबरोबर कुणी येत नाही. किंमत पाहून हेर ओळखता येत नाही, एवढं तरी यातून कबूल व्हावं.

याहून वजनदार आक्षेप संमतीचा आहे. तुम्हीच 'आय ॲग्री' दाबलंत ना? कायदा तर सज्ञान माणसाची सही मानतो. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण न वाचता सही करायची सवय आपल्याला खरोखरच आहे, पतसंस्थेच्या जामीनपत्रापासून. पण वाचायचं ठरवलं तरी वाचणार काय? वीस-पंचवीस पानी इंग्रजी करार, त्यात 'एक्सप्रेस' आणि 'कस्टम' असे दोन रस्ते, आणि जोडवस्तूंच्या चौकटी दुसऱ्या रस्त्यावर, तिसऱ्या पडद्यामागे. इथं मला आपल्या गावाची गंमत वाटते. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवी असा कायदा २०२४ मध्ये झाला आणि त्यावर किती निवेदनं, किती मोर्चे, किती काळं फासणं! जिथं पंधरा टक्के भाषिक अल्पसंख्याक आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, ही मागणी घेऊन आपली माणसं वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवताहेत, आणि ती मागणी रास्तच आहे. मग त्याच पाटीखाली, त्याच दुकानात विकल्या गेलेल्या मशीनवर तुमच्या घरातली माहिती परक्याला द्यायचा जो करार येतो, तो ना मराठीत ना कन्नडमध्ये, याबद्दल दोन्हीकडचे मुके का? ग्रामपंचायतीची नोटीस वाचता आली नाही तर ती लागू नाही असं म्हणणारे आपण, न वाचता येणाऱ्या कराराला मात्र 'तुमचीच चूक' म्हणून मोकळे होतो.

इतिहासात असा प्रश्न याआधी सुटलेला आहे, आणि तो गिऱ्हाइकाला शहाणं करून सुटला नाही. १९५६ चा वजनमापांचा कायदा येऊन १९५८ पासून किलो-ग्रॅम रुजेपर्यंत देशभर शेर-मणाचे नाना प्रकार होते; एका पेठेतला शेर दुसऱ्या पेठेत चालेलच असं नव्हतं. 'मापात पाप' हा वाक्प्रचार काही उगाच रुळलेला नाही. तेव्हाही म्हणणारे असतीलच की शेतकऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत, काटा नीट बघावा. शेवटी काय केलं? वजनावर सरकारी शिक्का आला, निरीक्षक आला, आणि खोटं वजन ठेवणं हाच गुन्हा ठरला, मग गिऱ्हाईक फसो वा न फसो. शेतकऱ्याची नजर तीच राहिली; जबाबदारी तागडी धरणाऱ्याकडं सरकली. इन्स्टॉलरच्या बाबतीत आपण अजून शिक्क्याच्या आधीच्या काळात आहोत.

'आमच्याकडं चोरण्यासारखं काय आहे' हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते नम्र दिसतं. हेरगिरीचं सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांना २०२१ मध्ये गाजलेलं, फोनवर पाळत ठेवणारं पेगॅसस आठवतं आणि मंत्री-पत्रकार डोळ्यांसमोर येतात. आपण कोण, असं वाटतं. पण इथं चाललेली चोरी घाऊक आहे, तिला तुमचं नाव जाणून घ्यायची गरजच नसते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, लॉग-इन जिवंत ठेवणाऱ्या कुकीज, फोनमधले संदेश, संपर्कांची यादी, एवढ्यावर तिचं भागतं. कर्ज देणाऱ्या ॲप्सनी संपर्क यादीतल्या नातेवाइकांना फोन करून माणसं कशी जेरीला आणली, हे आपण पाहिलं. रिझर्व्ह बँकेला २०२२ मध्ये त्यासाठी नियमावली काढावी लागली. आणि गल्लीतल्या अर्ज भरून देणाऱ्या सेंटरचा विचार करा. त्या एका मशीनवर निम्म्या गावाची आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं, मुलांचे दाखले 'डाउनलोड्स'मध्ये तसेच पडलेले असतात. सेंटरवाल्यानं 'माझं काय जातंय' म्हटलं तर जातं ते दुसऱ्यांचं. मोठ्या कंपन्या आपली माहिती नेतातच, मग एवढ्या-तेवढ्या टूलबारचं काय, हा युक्तिवादही असाच. त्या नेतात आणि ते वाईटच आहे. पण त्यांच्याविरुद्ध तक्रार कुणाकडं करायची ते निदान माहीत असतं.

आता फॉरमॅटवाल्यांकडे वळू. त्यांचा उपाय मला आळशी वाटतो आणि पुष्कळदा उलटा. फॉरमॅट मारला की हेर कुठून आला याचा माग पुसला जातो. मग त्याच पेन ड्राइव्हमधून, चावी तोडलेल्या विंडोजसकट, तीच 'सगळी सॉफ्टवेअरं' पुन्हा घातली जातात. २०२१ मध्ये केएमएसपिको या विंडोज 'ॲक्टिव्हेट' करणाऱ्या साधनाच्या नावाखाली पासवर्ड चोरणारं क्रिप्टबॉट पसरवलं जात असल्याचं सुरक्षा कंपन्यांनी दाखवून दिलं होतं. दर चार महिन्यांनी फॉरमॅट मागणाऱ्या मशीनला काय झालंय, हे त्या पेन ड्राइव्हला विचारावं.

निदान आधी हवं. इंटरनेट तोडा आणि इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरची यादी तारखेनुसार लावा. ज्या दिवशी तक्रार सुरू झाली त्या दिवसाच्या आगेमागे बसलेली अनोळखी नावं तिथं शेजारी-शेजारी उभी दिसतात, आणि त्यांच्यात एक ओळखीचं नाव असतं, तेच वाहन. मग टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी, टास्क शेड्युलर (काढलेली वस्तू दुसऱ्या दिवशी परत येते ती बहुधा इथून), ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, बदललेलं शोधयंत्र, प्रॉक्सीची नोंद. पडद्याच्या कोपऱ्यात 'तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे' असं ओरडणाऱ्या खिडक्या पुष्कळदा कुठल्याशा साइटला दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीतून येतात. ती काढली की 'व्हायरस' गेला, आणि त्यासाठी दुकानात पाचशे रुपये द्यायची गरज नव्हती. रसिनोविच यांचंच ऑटोरन्स हे फुकट साधन मशीन सुरू होताना काय काय उठतं ते सगळं एका जागी दाखवतं, पण त्यात अंदाजानं खुणा काढू नयेत. आपोआप झाडून काढायला विंडोजमधलं डिफेंडर पुरेसं आहे. त्याचं ऑफलाइन स्कॅन चालवावं आणि नको असलेली ॲप्स अडवण्याची जी सोय असते ती चालू आहे का पाहावं. उरलेल्या टूलबारांसाठी ॲडडब्ल्यूक्लीनर आहे, सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही २०१७ पासून फुकट साधनं मिळतात. यातली जवळजवळ सगळी फुकट आहेत, हे फुकटाला शिव्या घालणाऱ्यांनी जाता जाता लक्षात घ्यावं. पासवर्ड चोरणारं काही सापडलंच तर मात्र फॉरमॅटला पर्याय नाही, हे मीही मानतो. तेव्हा विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्यावं, पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलावेत आणि सगळीकडून लॉग-आउट करावं, नाहीतर चोरलेली कुकी चोराला आतच ठेवते.

फोनची कथा वेगळी, कारण आता टूलबारांचा काळ सरत आला आणि मधला माणूस व्हॉट्सॲपवर येऊन बसला. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, पीएम-किसानचा हप्ता, असल्या नावांच्या एपीके फायली, म्हणजे ॲप बसवणाऱ्या फायली, येतात. तिथं दोन परवानग्या पाहायच्या, ॲक्सेसिबिलिटी (पडदा वाचायची-चालवायची मुभा) आणि डिव्हाइस ॲडमिन (फोनवरचा ताबा). या दोन्हींत अनोळखी नाव दिसलं तर सेफ मोडमध्ये जाऊन आधी परवानगी काढायची, मग ॲप. क्रम उलटा केला तर ते काढूच देत नाही. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन, मग जिल्ह्याचं सायबर गुन्हे पाहणारं सीईएन पोलीस ठाणं.

बंदी हा उपाय काही जणांना फार आवडतो. फोननं कागद स्कॅन करणाऱ्या कॅमस्कॅनर या चिनी ॲपचं पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीनं त्याच्या जाहिरातींच्या भागात घातक कोड दाखवला, तेव्हा ते आपल्याकडं मास्तरांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांच्या फोनवर होतं. आपल्याकडं बंदी आली ती जून २०२० मध्ये, ५९ चिनी ॲप्सच्या यादीतून, चीनच्या सीमेवरच्या चकमकीनंतर. त्या वेळी हेर शोधायचा होता की देश, हे ठरवणं कठीण आहे. देश पाहून हेर ठरवायचा तर सुपरफिश अमेरिकी कंपनीचं आणि अवास्ट चेक. त्यांचं काय करणार होतात?

मधल्याला धरायला आज कायदा अगदीच नाही असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ वं कलम परवानगीवाचून मशीनमध्ये दूषित कोड घालण्याला भरपाईस पात्र धरतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले, त्यात न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं आहे आणि खोटा व्हायरस दाखवून पैसे काढणंही आहे. आणि २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचं पाचवं कलम तर सीमाभागानं फ्रेम करून ठेवावं असं आहे: माहिती घेण्याआधीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. मराठी आणि कन्नड, दोन्ही त्या परिशिष्टात आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, सूचनेबाबतच्या तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. परदेशातला निनावी इन्स्टॉलरवाला याला भीक घालणार नाही, हे मला मान्य. पण लॅपटॉप विकणारी कंपनी इथं आहे, ॲपचं दुकान चालवणारी कंपनी इथं धंदा करते, अर्जांची पोर्टलं तर सरकारचीच आहेत, आणि मशीन 'रेडी' करून देणारा आपल्या गल्लीत बसतो.

म्हणून पुढच्या वेळी महाराष्ट्र एकीकरण समितीचं असो की कन्नड संघटनेचं, जिल्हाधिकाऱ्यांकडं निवेदन जाईल तेव्हा त्यात दोन कलमं वाढवावीत. फोटो आणि पीडीएफ कापायची-जोडायची सोय ज्या त्या पोर्टलवरच, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत द्यावी. आणि कॉम्प्युटर विकणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक दुकानानं मशीनवर काय काय घातलं आणि ते कुठून आणलं, याची यादी बिलावर छापावी. अशी यादी हातात असेल तर जिल्हा ग्राहक आयोगापुढं उभं राहता येतं. आज जे बिल मिळतं त्यावर 'सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन, ३०० रुपये' एवढंच असतं.